अण्णांसाठी कोणती भाषा?

एकदा एक मुलगा वडिलांसाठी संगणकाची भाषा शिकायला निघाला. मुलगा म्हणायचे ते नात्याने. वयाने तो चाळिशीच्या घरात होता. त्याचे नाव अवधूत. नगरपालिकेत नोकरी, घरी पत्नी वृंदा आणि वडील अण्णा. अण्णांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला होता. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला, अक्षरेही ओळखता येईनात. समज मात्र शाबूत होती. चित्र दाखवले की ते ओळखत. कोणी चुकीचे काही बोलले की कपाळाला आठ्या पडत. सांगण्यासारखे मनात पुष्कळ असावे, पण तोंडातून एकच अस्पष्ट आवाज निघे.

अवधूतने ठरवले, अण्णांसाठी एक प्रोग्राम तयार करायचा. पडद्यावर मोठी चित्रे असतील. अण्णांनी डाव्या हाताचे बोट चित्रावर ठेवले की संगणक त्यांच्या वतीने बोलेल. तयार मिळणारे असे प्रोग्राम त्याने पाहिले होते, पण त्यांतली मराठी परक्या माणसाची वाटे. अण्णांना त्यांच्या घरातले शब्द मिळायला हवेत, असे त्याच्या मनाने घेतले. हेतूत काही खोट नव्हती.

गावात देवस्थळी सर राहत. तंत्रनिकेतनात संगणक शिकवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे वृद्ध गृहस्थ. अवधूत त्यांच्याकडे गेला.

"सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पहिली भाषा कोणती शिकू?"

"पायथन घे," सर म्हणाले. "वाचायला सोपी आहे. उद्या संध्याकाळी ये, सुरुवात करू."

दुसऱ्या संध्याकाळी अवधूत आला तो नवा प्रश्न घेऊन. कार्यालयातला एक जण म्हणाला होता, पाया पक्का हवा असेल तर आधी सी शिकावी.

"मग सी घे. बस."

तो बसला नाही. विचार करून येतो म्हणाला. पुन्हा आला तेव्हा त्याच्या डोक्यात जावा होती, कारण ती आली की पुढे कशालाही तोंड देता येते, असे त्याने कुठेसे ऐकले होते. मग कोणी सांगितले की जावास्क्रिप्ट मोबाइलवरही चालते. प्रत्येक भाषेचे पहिले काही धडे तो मन लावून करी आणि मग दुसरीचे गुण कानावर आले की हातातली सोडून देई. निवड चुकली तर सगळी मेहनत वाया जाईल, ही धास्ती त्याला सोडत नव्हती. सर दर वेळी म्हणत, "हीसुद्धा चालेल. बस." आणि अवधूत उभ्याउभ्याच निघून जाई.

वृंदाने एकदा विचारलेही, "तोवर मी कागदावर चार चित्रं काढून देऊ का अण्णांना?"

"कशाला? मी नीट करतोय ना!" तो म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता, म्हणून तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

पावसाळा सरला, थंडी पडली. माघात अण्णांना दुसरा झटका आला आणि ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी अवधूत सरांकडे आला. "सर, आता शिकायचं कारण उरलं नाही. तेवढं सांगायला आलो."

 सरांनी संगणकासमोरची खुर्ची ओढली. "बस. अण्णांचा प्रोग्राम करू."

"आता? कोणासाठी?"

सरांनी त्याचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवले.

अवधूतला हे निष्ठुर वाटले. पण वडीलधाऱ्या माणसाचा हात झटकून उठणे त्याला जमेना. सर सांगत गेले, तो टंकत गेला. एखादा कंस राहून जाई, सर बोट ठेवून दाखवत. आधी पडद्यावर रिकामी चौकट उमटली, मग तिच्यात चार चौकोन. पहिल्यात पेल्याचे चित्र घातले आणि अवधूतने आपल्याच आवाजात 'पाणी दे' असे भरले. दुसऱ्यात 'कूस बदलायची आहे'. तिसऱ्यात 'रेडिओ लाव'. दिवेलागणीच्या सुमारास त्याने पेल्यावर क्लिक केले आणि संगणक बोलला, "पाणी दे."

"चौथ्यात काय घालू या?" सरांनी विचारले.

अवधूतचा हात थांबला. "अण्णा रोज दुपार कलली की डावा हात दाराकडे करायचे. आम्ही दार उघडलं, लावलं. शेजाऱ्यांना बोलावलं. खुर्चीत बसवून ओट्यावर नेलं. दर वेळी मान हलवून नाही म्हणायचे. शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांना काय हवं होतं ते मला माहीत नाही, सर." एवढे बोलून तो लहान मुलासारखा रडला.

जरा सावरल्यावर म्हणाला, "एका दुपारचं काम होतं हे! आज कशाला दाखवलंत?"

"कारण योग्य भाषा वेळेवर सापडली नाही, असं तू जन्मभर म्हणत राहिला असतास," सर शांतपणे म्हणाले. "ते खरं नाही. तू नाव घेतलेली कुठलीही भाषा चालली असती. एखादी सोडावी लागली असती, तरी तिच्यात शिकलेलं पुढच्या भाषेत कामाला आलं असतं. वेळ लागणार होता तो अण्णांचे शब्द शोधायला. पहिल्याच आठवड्यात काहीतरी वेडंवाकडं त्यांच्यासमोर ठेवलं असतंस, तर चौथं चित्र चुकलं असतं, पाचवंही चुकलं असतं, आणि कधीतरी त्यांनी मान डोलावली असती. ज्या दिवसांत चुकायला हवं होतं, ते दिवस आपण भाषा निवडण्यात घालवले."

"आपण?"

"मीसुद्धा. शिकणाऱ्यानं आपण होऊन बसावं, असा माझा नेम. तू उभा राहायचास आणि मी नुसता 'बस' म्हणायचो. आज धरून बसवलं, तसं तेव्हा बसवायला हवं होतं."



पुढे चैत्रात मागच्या आळीतल्या यमुनाकाकूंची वाचा तशाच आजाराने गेली. अवधूत रिकाम्या चौकोनांचा लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसला. देवघराचे चित्र दाखवले. काकूंनी मान हलवली. नातवाचे दाखवले, तरी नाही. तो पुसत होता, पुन्हा काढत होता. सून म्हणाली, "दमला असाल, उद्या या." तो उठला नाही. अखेर भाकरीचे चित्र आले, तेव्हा काकूंनी पडद्यावर सबंध पंजाच आपटला. आजारी म्हणून त्यांना रोज मऊ भात भरवला जात होता आणि त्या त्याला विटल्या होत्या. सून हसतहसत चुलीकडे पळाली. काकूंच्या डोळ्यांना पाणी आले होते.

घरी परतल्यावर वृंदाने विचारले, "कोणत्या भाषेत केलंत शेवटी?"

अवधूतला नाव आठवायला क्षणभर थांबावे लागले. ज्या नावापायी अण्णांचे दिवस निघून गेले, ते सांगून तो खाली बसला.