पाटीवरची सर्पगंधा

आरोग्यवर्गात शिकून आम्ही नऊ म्हाताऱ्यांनी औषधी रोपांची वाडी केली. गुरुजींनी कुंड्यांवर नावाच्या पाट्या लावून दिल्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आमची रोपं घेणार म्हटल्यावर माजी सरपंच दौलतरावांच्या पोटात दुखलं. ते काम त्यांना पुतण्यासाठी हवं होतं.

“बाई, सगळे अंगठेबहाद्दर. खोकल्याला भलतंच रोप देतील,” ते म्हणाले.

“उद्या येऊन बघते,” बाई म्हणाल्या.

पहाटे दौलतरावांनी गुपचूप पाट्या बदलल्या. आम्हाला पत्ताच नव्हता.

बाईंनी येऊन अडुळसा मागितला. आमच्या साळूबाईनं एक पान चुरगळून हुंगलं आणि कुंडी पुढं केली.

“बघा, पाटीवर सर्पगंधा लिहिलंय,” दौलतराव हसले.

बाईंनी पान निरखलं. “हा अडुळसाच आहे. मग पाटी कशी चुकली?”

साळूबाई दौलतरावांकडं बघत हळूच म्हणाली, “कुणीतरी लई मेहनत घेतली, बाई. पण आम्हाला वाचता येत असतं, तरच ती कामी आली असती.”

बाईंनी शंभर रोपं सांगितली. दौलतराव मान खाली घालून निघाले, तेव्हा साळूबाईनंच हाक मारली, “थांबा की. गवती चहा टाकलाय.”

ते बसले. दोन कप प्याले.