कोपराएवढे कुंपण

एकदा एक भुसार व्यापारी आपल्या परसातल्या चोरीने हैराण होऊन गावातल्या वृद्ध गुरुजींकडे आला. चोरी तशी किरकोळ होती. कधी चार लिंबे, कधी गवती चहाची जुडी, कधी अळूची पाने. परंतु दोन वर्षांत त्याने तीन कुंपणे केली आणि चोराने एकाचीही भीड ठेवली नाही, हे त्याच्या जिव्हारी लागले होते.

"आधी मेंदीचं कुंपण होतं, गुरुजी. चोरी झाली. ते उपटून काटेरी तार लावली. तरी चोरी! आता पुरुषभर उंच बांबूचे तट्टे ठोकलेत, तर काल पाच लिंबं गेली. आता आठ फुटी भिंतच घालतो, वर काचा रोवतो. चिरा घेऊ की वीट, एवढंच सांगा."

गुरुजींचा शिष्य नुकताच दूरदेशी शिकून परतला होता, आणि गावाचे भले करण्याची त्याला फार घाई होती.

"चिराच घ्या!" तो म्हणाला. "आणि काचा कशाला? विजेची तार लावा. हात लावला की झटका!"

"कोणाला?" गुरुजींनी विचारले.

"जो हात लावील त्याला."

"हं," म्हणत गुरुजींनी काठी उचलली. "चला, परस पाहू."

परसात व्यापाऱ्याची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई गहू निवडत बसली होती. तिच्या मनगटावर ओरखडे होते, त्यांवर हळद लावलेली.

"हे काय, माई?"

"मांजरानं ओरबाडलं."

"घरात मांजर आहे?"

"नाही. पाहुणं आलं होतं."

व्यापारी तट्ट्याकडे बोट दाखवत म्हणाला, "पलीकडे ठमाबाईचं घर. तिच्या कोंबडीनं माझी सगळी कोथिंबीर उकरली. तेव्हापासून त्या घराशी बोलणं बंद. आमच्या घरातल्या एकूण एक माणसाचं!"

आई गव्हातले खडे अधिकच बारकाईने पाहू लागली.

गुरुजी तट्ट्याच्या कडेने चालत लिंबाच्या झाडापाशी थांबले. तिथे एक बादली उपडी घातलेली होती आणि तिच्यावर देवघरातला पाट ठेवलेला होता. गुरुजींनी काठी टेकवताच पाट डुगडुगला.

"बघा!" व्यापारी कडाडला. "पाटसुद्धा आमचाच! निर्लज्जपणाची हद्द झाली."

"चोर उंचीने बेताचा असावा," शिष्याने गंभीरपणे निष्कर्ष काढला.

गुरुजी त्या पाटाकडे पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. व्यापाऱ्याच्या आईला बोलावून तट्ट्याला टेकून उभे केले, हात कोपरात दुमडायला सांगितला आणि कोळशाने बांबूवर तेवढ्या उंचीची रेघ ओढली.

"कुंपण एवढंच. अडुळशाचं लावा."

"कोपराएवढं?" व्यापारी ओरडला. "गुरुजी, यावरून शेळी उडी मारेल!"

"मारू दे. शेळी पडत नाही. या वयाची बाई बादलीवरून पडली, तर खुब्याचं हाड पुन्हा जुळत नाही."

व्यापाऱ्याने बादलीकडे पाहिले, मग आईच्या मनगटाकडे. त्याचा चेहरा उतरला.

"आई, चोर तू?"

"चोर कशानं, मेल्या? लिंबाचं झाड मी लावलंय. चाळीस वर्षं ठमाला लिंबं देतेय. आणि ताटात दुसऱ्यांदा मागून खातोस ते लोणचं कुणाचं?"

"ते... ठमाबाईचं?"

"मग? मला कधी मिठाचा अंदाज आलाय?"

"त्याला लहानपणापासून मीठ जास्तच लागतं!" तट्ट्यापलीकडून एक थकलेला पण खणखणीत आवाज आला.

शिष्याला विजेची तार आठवली आणि त्याचे कान तापले.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, चोर बाहेरचा असता तर तुमच्या तारेला भ्याला असता. इथे माया आतून बाहेर जात होती. तुम्ही कुंपण वाढवलंत, ती बादलीवर चढली. भिंत घातली असतीत, तर शिडी लावली असती आणि तुमची काच तिच्याच तळव्यात शिरली असती. कुंपण जरूर असावं. आपलं कुठे संपतं, ते माणसाला कळायला हवं. पण त्याची उंची चोराच्या भीतीवरून ठरवू नये. आपल्या घरातलं जे माणूस पलीकडे काही देतं, त्याच्या कोपरावरून ठरवावी."

त्याच दिवशी तट्टे उतरले. अडुळशाच्या काड्या शिष्याने स्वतः रोवल्या. पावसाळाभर त्या छान फुटल्या. एकाच जागची काडी मात्र धरेना. शिष्याने ती दोनदा बदलली, दोन्ही वेळा ती तुडवली गेली. तिसऱ्यांदा तो नवी काडी घेऊन आला, तेव्हा पलीकडून कोणीतरी नेमके त्याच जागेवरून इकडे पाऊल टाकत होते.

तो व्यापारी होता. हातात झाकलेली वाटी.

"कुळथाचं पिठलं," कोणी न विचारताच तो म्हणाला. "आईसाठी आणलंय."

पिठले त्याच्या मिशीलाही लागले होते.

शिष्याने हातातली काडी टोपलीत परत ठेवली आणि ती जागा तशीच मोकळी सोडली.