खाली कोण?

अश्मक देशात, पोतली नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या घरी जन्माला आले होते. डोंगरातल्या काळ्या दगडाच्या खाणीवर त्यांची हयात गेली, केस पिकले, आणि खाणीवरचे लहानथोर त्यांना आबा म्हणू लागले.

राजाला आभाळाला टेकणारा मनोरा हवा होता. राजाची हौस आणि रयतेचे मरण, ही जोडी जुनीच. गेल्या वर्षी वेठीला धरून नेलेल्यांपैकी एकही माणूस परतला नव्हता. यंदा पुन्हा माणसे मागायला दूत आले, तेव्हा पाथरवटांनी त्यांना हात हलवीत परत पाठवले आणि बायकापोरांसह खाणीत आसरा घेतला. वर यायला एकच अरुंद घळ होती. तिच्या वरच्या तोंडाशी त्यांनी गाड्या आडव्या घातल्या, धोंड्यांचा बांध रचला, झाला किल्ला! घळीच्या माथ्यावरची घराएवढी शिळा त्यांनी पहारींनी मोकळी केली आणि एका सागवानी पाचरीवर तोलून धरली. पाचर उडाली की शिळा खाली.

या सगळ्यांचा म्होरक्या होता खेमक. त्याचा धाकटा भाऊ नंदिक गेल्या वर्षीच्या वेठीत गेला होता. तेव्हापासून खेमक कधी हसला नव्हता.

"आबा," तो म्हणाला, "तुमच्याइतका नेमका घाव कुणाचा नाही. सैन्य घळीत शिरलं की मी हात खाली करीन. एकही वाचता कामा नये."

"घाव मी घालीन," आबा म्हणाले, "पण खाणीच्या रीतीनं."

खेमक घाईत होता. ते बोलणे त्याने कानाआड केले.

ऊन चढता चढता तीनशे सैनिक घळीत शिरले. पुढे काही वाकलेली डोकी, त्यांच्यामागे घोड्यावर सेनापती वज्रबाहू, मग भाल्यांची रांग. खेमकाने हात खाली केला. आबांनी घण उचलला, डोक्यावर तोलला आणि खणखणीत हाळी दिली, "खाली कोण?"

ही रीत बापजाद्यांपासूनची. घाव घालण्याआधी तीनदा विचारायचे. खाली जो असेल त्याने आपले नाव सांगून दूर व्हायचे, आणि तो दूर होईपर्यंत घण पडायचा नाही. पण ही रीत आपल्या माणसांसाठी होती. शत्रूला कुणी अशी हाळी देते काय? खेमकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आबा, घात केलात! ती राजाची माणसं आहेत!"

"माणसं आहेत ना?" आबा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा विचारले, "खाली कोण?"

खेमक घण हिसकावून घ्यायला धावला. त्याचा हात दांड्याला लागतो न लागतो तोच घळीतून आवाज आला.

"मी आहे! नंदिक!"

खेमक जागच्या जागी खिळला. वाट दाखवायला म्हणून सैन्याने वेठीचे सात पाथरवट दोरीने बांधून पुढे घातले होते. रीत त्यांच्या हाडीमासी खिळलेली. हाळी ऐकताच तोंडून उत्तर गेले होते. मागोमाग उरलेल्या सहांनीही नावे सांगितली.

मग सैनिकांनी वर पाहिले. डोक्यावर शिळा होती, आणि तिच्याजवळ एक म्हातारा घण उगारून थांबला होता. तो का थांबला हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. एकजण चाचरत म्हणाला, "मी आहे, पुण्णक." दुसरा म्हणाला, "मी आहे, कट्ठहारी." कुणी तर आई हाक मारायची ते लाडाचे नाव सांगून टाकले. घळीतून नावेच नावे वर येत राहिली. बांधाआड धोंडे घेऊन उभी असलेली माणसे ती ऐकत होती, आणि एकेकाच्या हातातला धोंडा हळूच खाली आला.  असे काही खेमकाने जन्मात ऐकले नव्हते.

सैनिकांनीच बंदिवानांच्या दोऱ्या कापल्या. सातही जण बांध ओलांडून वर आले, नंदिक भावाच्या गळ्यात पडला. वज्रबाहू ओरडत राहिला, पण भाल्यांची रांग मागे फिरली ती फिरलीच. घळीत तो एकटा उरला.

"आबा, आता तरी?" खेमकाने विचारले. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"एक नाव यायचं आहे." म्हाताऱ्याचे हात थरथरत होते, तरी घण उचललेलाच होता. त्यांनी तिसरी हाळी दिली.

वज्रबाहूने त्या थरथरणाऱ्या हातांकडे बराच वेळ पाहिले. मग तो घोड्यावरून उतरला.

"मी आहे," तो म्हणाला, "वज्रबाहू." आणि घोड्याचा लगाम धरून घळीबाहेर चालू लागला.

तो दिसेनासा झाल्यावर खेमकाने स्वतः वाकून पाहिले आणि पुकारले, "खाली मोकळं!" तेव्हा घाव पडला. डोंगर हादरला, घळ कायमची बुजली, आणि कुणाला ओरखडाही आला नाही. पाथरवटांनी मागच्या कड्यात पायऱ्या खोदल्या आणि सारे दुसऱ्या मुलखात सुखरूप उतरून गेले.

पूर्वजन्मीची एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, विहाराच्या दाराकडे वळले. सकाळपासून तिथे एक माणूस ताटकळत होता. तो पूर्वी सैनिक होता, म्हणून भिक्षू तिस्साने त्याला आत येऊ दिले नव्हते.

"भिक्षूंनो, नंदिक म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. आबा मीच होतो. खेमक म्हणजे हा तिस्स, आणि दारातला हा माणूस म्हणजे तेव्हाचा वज्रबाहू. तिस्सा, तू त्याला नाव विचारलंस का?"

तिस्साची मान खाली गेली. मग तो दारापाशी गेला.

"दारात कोण?"

"मी आहे," तो माणूस म्हणाला, आणि त्याने आपले नाव सांगितले. तिस्स बाजूला झाला.

शास्ता म्हणाले, "शत्रूलाही नाव विचारणं, हीच मैत्री."