टिपुलीच्या रोपाने मान टाकली

पान पुदिन्यासारखं, पण पुदिना नाही. वास लिंबाचा, पण लिंबू नाही. सांगा बघू, कोण?

ते लेमन बाम नावाचं रोप. टिपुलीचं लेमन बाम.

टिपुली म्हणजे कुंदाकाकूंच्या परसातली नखाएवढी बेडकी. काकूंनी एकदा लेमन बामची एक काडी टाकून दिली होती. टिपुलीने ती फुटक्या कुंडीत खोवली. रोज तिच्याजवळ बसून राहिली. काडीला पानं आली. तेव्हापासून टिपुलीचा गळा फुगलेलाच. माझं रोप, मी लावलं, कुणी हात लावायचा नाही. काकू पान मागायला आल्या, तर त्यांच्यावरही टर्र टर्र.

मग एका दुपारी ऊन रणरणलं. रोपाने मान टाकली. पानांखालची टिपुलीची गार सावली गेली.

"मान उचल ना," टिपुली म्हणाली.

"मी थंड डोंगरावरचं. मला दुपारचं ऊन सोसत नाही. केळीची सावली आण."

टुणुक टुणुक, टिपुली गेली केळीकडे.

"रोप मान उचलेना. केळीताई, सावली दे."

केळ म्हणाली, "माझं नवं पान अजून गुंडाळलेलंच आहे. पाणी मिळालं तर उलगडेल. पाटाला सांग."

मोरीचं पाणी पाटातून केळीला जायचं. टुणुक टुणुक, टिपुली गेली पाटाकडे.

"केळ सावली देईना,
रोप मान उचलेना.
पाटदादा, पाणी सोड."

पाट म्हणाला, "माझ्या पोटात पाला तुंबलाय. खराट्याला सांग."

टुणुक टुणुक, टिपुली गेली खराट्याकडे.

"पाट पाणी सोडेना,
केळ सावली देईना,
रोप मान उचलेना.
खराटेबुवा, पाला लोटा."

खराटा म्हणाला, "माझी दोरी सुटली गं. एक हीर इकडे, एक हीर तिकडे. काकूंना सांग."

टुणुक टुणुक, टिपुली गेली काकूंकडे.

"खराटा पाला लोटेना,
पाट पाणी सोडेना,
केळ सावली देईना,
रोप मान उचलेना.
काकू, खराटा बांधा."

काकू पायरीवर टेकल्या होत्या. "बांधते की. पण उन्हात पापड घालून दमलेय मी. आधी चहा हवा, तुझ्या रोपाचा शेंडा घातलेला. देशील? की पुन्हा टर्र टर्र?"

टिपुलीचा गळा फुस्सकन बसला. ती रोपाकडे आली. टुणुक... टुणुक...

"काकू खराटा बांधेनात,
खराटा पाला लोटेना,
पाट पाणी सोडेना,
केळ सावली देईना.
काकूंना चहात तुझा शेंडा हवा. दुखेल का रे तुला?"

रोप हसलं. "खुड की. शेंडा खुडला की तिथे दोन फुटतात. कुणाला खुडू दिलं नाहीस, म्हणून तर मी असं लांबुडकं."

टिपुलीने शेंडा खुडला. खुट्ट!

शेंडा चहात पडला, डुबुक.
काकू चहा प्यायल्या, भुर्र भुर्र.
काकूंनी खराटा बांधला, गच्च.
खराट्याने पाला लोटला, खर्र खर्र.
पाटाने पाणी सोडलं, खळखळ खळखळ.
केळीने पान उलगडलं, सुर्रर्र.

कुंडीवर सावली पडली. पाटातलं थोडं पाणी कुंडीतही उडालं.

संध्याकाळी शेजारच्या मालूवहिनी कुंपणाशी आल्या. काय छान वास येतोय, मलाही दोन पानं द्या, म्हणाल्या.

काकू म्हणाल्या, "रोप टिपुलीचं आहे हो. तिला विचारा."

मालूवहिनींनी खाली वाकून विचारलं. टिपुली बाजूला सरकली. "घ्या. शेंड्याकडची घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोप ताठ उभं होतं, खुडलेल्या जागी दोन हिरवे ठिपके होते, आणि खाली गार सावलीत टिपुली गळा फुगवून बसली होती.