मावशीने राखलेली जागा

बॅटऱ्या नुकत्याच माणसांच्या खिशात राहायला लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. फोनच्या एका नव्याकोऱ्या बॅटरीत सिल्या नावाचा सिलिकॉनचा कण राहायचा. त्याचं घर म्हणजे कार्बनचं काळं कवच, आणि त्या कवचालाच तो मावशी म्हणायचा.

"मावशी, एवढं घर रिकामं कशाला? आणखी दोन कण ठेवून घे की," तो सारखा कुरकुरायचा. "शेजारचा थोरला कण बघ, घर कसं गच्च भरून बसलाय!"

"चार्जिंग होऊ दे. लिथियमचे पाहुणे येऊ देत, मग बोल," मावशी म्हणायची.

एकदाचं चार्जिंग सुरू झालं. पाहुण्यांची रीघ लागली. एकेकाला पोटात घेता घेता सिल्या फुगला, दुप्पट झाला, तिप्पट झाला, तरी लोंढा थांबेना. तेवढ्यात शेजारी कडकन आवाज झाला. थोरल्याचं कवच फुटलं आणि त्याच्यासकट तुकडे तुकडे होऊन विखुरलं.

"मावशी, आता माझी पाळी!" सिल्या किंचाळला.

"घाबरू नकोस. फुग."

त्याची पाठ भिंतीला टेकली. मावशीचं अंग ताणलं गेलं. सिल्याने डोळे गच्च मिटले, आणि शेवटचा पाहुणा आत येऊन बसला.

पुढे माणसाने फोन वापरला, तसे पाहुणे एकेक करून निघून गेले. सिल्या आक्रसून पहिल्याएवढा झाला. घरात पुन्हा जागाच जागा. शेजारून मात्र थोरल्याचा आवाज येत नव्हता.

"मावशी," सिल्या हळूच म्हणाला, "ही जागा कुणाला देऊ नकोस हं."