कोनशिलेवरची मोकळी जागा

अंटार्क्टिकाला निघालेल्या जहाजावर सामान चढवता चढवता हेमांगी कुडतरकर पार वैतागली होती. तिथल्या संशोधन तळाची सगळी व्यवस्था तिच्याकडे, आणि मोहिमेचे मोठे साहेब गजेंद्रगडकर रोज त्यात काहीतरी नवीन घुसडायचे. परवा पडदे, काल सोफा. आज तर स्वतःचं नाव कोरलेली भलीमोठी संगमरवरी कोनशिलाच धक्क्यावर आली.

"जागा नाही, साहेब."

"मग डिझेलची पिंपं उतरवा की! नव्या इमारतीचं उद्घाटन काय नुसत्या टाळ्या वाजवून करू?"

"त्या डिझेलवर हिवाळाभर हीटर चालतात. उद्घाटन करून तुम्ही याच जहाजानं परत याल. आम्ही चौदाजण तिथंच राहणार."

"कारणं नकोत मला. कोनशिला चढलीच पाहिजे!"

हेमांगीनं घाम पुसला आणि कोनशिलेवरून हात फिरवला.

"चढवते. फक्त कारागिराला बोलावून तुमच्या नावाखाली आमची चौदा नावं आत्ताच कोरून घ्या. डिझेल संपल्यावर तिथं कोरायला कोणी उरणार नाही."

साहेब आपल्या नावाखालच्या कोऱ्या संगमरवराकडे बघत राहिले. मग त्यांनीच हात हलवून कोनशिला परत न्यायला सांगितली.

"आणि जाताना तो सोफाही घेऊन जा रे!" हेमांगी हमालांना ओरडून म्हणाली.