चोराने निवडलेले तांदूळ

“चोर आत आला तर तुझी नोकरी गेली! आणि आपलं माणूस बाहेर अडकलं, तरीही गेली! काय करायचं ते उद्यापर्यंत ठरव!” राजा मकरंदसिंह धर्मा नाईकावर गरजला.

धर्मा चांदणगडाच्या दरवाजावरचा पहारेकरी. राजाचा चेहऱ्यांवर भरवसा नव्हता; वेष काय, कुणीही पालटतो! म्हणून येणाऱ्याने दरवाजातल्या खिडकीशी परवलीचा शब्द सांगायचा. एकदा एका चोराने दिवसभर शब्दांमागून शब्द सांगितले आणि शेवटी एक बरोबर लागला! चिडलेल्या राजाने हुकूम काढला, तीनदा चुकेल त्याला महिनाभर प्रवेश बंद. पहिले अडकले ते विसरभोळे सेनापती. बिचारे खंदकापलीकडे तंबू ठोकून बसले.

धर्मा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी गोजरा तांदूळ निवडत होती.

“बाबा, आपलं माणूस किती वेळा चुकतं?”

“चार-पाचदा. मग आठवतं त्याला.”

“आणि चोर?”

“तो हजारदा चुकेल!”

“मग झालं तर! हे सूप घ्या आणि चला दरवाजावर!”

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम लागला. तीन शब्द चुकले की खिडकीतून सूपभर तांदूळ बाहेर. ते निवडून दिल्याशिवाय पुढचे तीन शब्द ऐकायचे नाहीत! सेनापतींनी कुरकुरत एक सूप निवडलं, तेवढ्यात त्यांना शब्द आठवला आणि ते आत आले.

“असल्या पोरखेळाने चोर थांबतो होय? मीच चोर होऊन दाखवतो!” राजा म्हणाला. प्रधानाकडून त्याने नवा शब्द बंद चिठ्ठीत घेतला, चिठ्ठी न वाचताच कमरेला खोचली आणि सकाळीच घोंगडी पांघरून खिडकीशी हजर झाला.

“मोगरा! तलवार! गंगा!”

तिन्ही चुकले. खिडकीतून गोजराने सूप पुढे केलं. ते निवडलं, आणखी तीन शब्द, पुन्हा सूप! सूर्य कलला तेव्हा चोराचे तीस शब्द झाले होते आणि पाठीचा पार काटा ढिला झाला होता. शेवटी त्याने चिठ्ठी फोडली.

“अगं, ऐक! खरा शब्द—”

“आधी तांदूळ!” आतून गोजरा म्हणाली.

दात-ओठ खात त्याने दहावं सूप निवडलं, मग म्हणाला, “पारिजात!” दरवाजा उघडला.

घोंगडी फेकत राजा ओरडला, “पाठ मोडली माझी! हा काय नियम झाला?”

धर्मा मान खाली घालून मागे सरला. गोजराने मात्र वाकून मुजरा केला.

“महाराज, चोर दिवसभर बाहेरच राहिला ना? आणि आपलं माणूस शब्द कळताच आत आलं ना? दोघं एकाच घोंगडीत होते, तरी दरवाजा फसला नाही!”

राजा दुखरी पाठ धरून पोटभर हसला.

धर्माची नोकरी कायम झाली. गोजराच्या घरी राजाकडून सूपभर मोहरा आल्या. त्या मात्र कुणाला निवडाव्या लागल्या नाहीत!